बाबासाहेबांचा विमा आणि गोसीखुर्दचे कार्ड

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दजवळ वैनगंगा अडवली आहे. धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी. या पाण्याखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावे गेली. गावे उठली तेव्हा लोकांनी भांडीकुंडी उचलली, जनावरे हाकलली, घराची कवेलू उतरवून घेतली आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटोही छातीशी धरून नेला. पुनर्वसनाच्या नव्या गावठाणांत आज तोच फोटो सिमेंटच्या भिंतीवर आहे. त्याच घरातल्या पत्र्याच्या पेटीत आणखी एक वस्तू जपून ठेवलेली असते. ती म्हणजे सरकारच्या आरोग्य विम्याचे कार्ड.

हा लेख आम्ही लिहितो आहोत तो त्या फोटोतल्या माणसाविषयी. पण त्या कार्डाला विसरून तो लिहिता येणार नाही. या देशात मजुराच्या आजारपणाचा विमा सरकारी कायद्याच्या वाटेवर ज्यांनी आणला, ते बाबासाहेबच. आणि त्याच वर्षांत देशातल्या मोठ्या धरणांचे खातेही त्यांच्याकडेच होते. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आमच्या व्यासपीठांवरून संविधानाचे शिल्पकार ऐकू येतात, धम्मचक्राचे प्रवर्तक ऐकू येतात. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र एखाद्या वाक्यात आटोपले जातात. हे बरोबर नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी भीमराव जन्मले. आई भीमाबाई गेल्या तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. पुढची हकिकत वाचकांना पाठ आहे. सातारा, मुंबई, एल्फिन्स्टन, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन. आम्हाला या ठिकाणी दुसरीच गोष्ट सांगायची आहे. १९१२ पासून जवळजवळ बावीस वर्षे बाबासाहेबांचे बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीत होते. गिरणगावातली चाळ, दोन छोट्या खोल्या, आजूबाजूला गिरणीत आणि गोदीत राबणारी माणसे. अशा चाळीत एखादा कर्ता पुरुष तापाने आठ दिवस पडला की काय होते, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. औषधाचा खर्च एकीकडे, आणि आठ दिवसांची बुडालेली मजुरी दुसरीकडे. सावकार दारात येतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणाने.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरात काय घडले? रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव वाचले. गंगाधर गेला तेव्हा अंगावर घालायला नवे कापड आणण्याइतकेही पैसे घरात नव्हते, असे आमच्या घराघरांत सांगितले जाते. राजरत्नाचा मृत्यू जुलै १९२६ चा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, डॉक्टरेट मिळवून आले होते. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. ज्या माणसाने पुढे लाखो कामगारांच्या घरातल्या आजारपणाची तरतूद केली, त्याच्या घरी आजारपणाने असे घाव घातले होते.

लंडनला ते आधी १९१६-१७ मध्ये आणि मग १९२० ते १९२३ या काळात राहिले, अर्धपोटी राहून शिकले. त्या इंग्लंडमध्ये १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा लागू होता. कामगार थोडे भरतो, मालक थोडे भरतो, सरकार थोडे भरते आणि आजारी पडलेल्या कामगाराला डॉक्टरही मिळतो व आठवड्याला काही रक्कमही मिळते, अशी ती व्यवस्था होती. जर्मनीत तर १८८३ पासूनच आजारपणाचा विमा होता. म्हणजे हा विचार कुणा दयाळू माणसाच्या दानधर्मातून आलेला नव्हता. आजारी मजुराचा खर्च ज्याच्यासाठी तो राबतो त्याच्या हिशेबातच धरला पाहिजे, असे ते साधे गणित होते.

पण आमच्या देशात गणिताआधी जात येते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या एका छोट्या पुस्तिकेत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. ती त्या शिक्षकाने १९२९ साली एका साप्ताहिकाला पत्र लिहून कळवली होती. बायको बाळंतीण, दोन दिवसांत आजारपण आणि छातीचा त्रास. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नाही. मिनतवारी केल्यावर आला तो या अटीवर की बाईला वस्तीबाहेर आणावे. आजारी बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. दोन रुपये फी मात्र डॉक्टरने घेतली. बाई वाचली नाही. वाचकांनी यातल्या दोन रुपयांकडे लक्ष द्यावे. पैसे नव्हते म्हणून ती मेली नाही. पैसे मोजले होते, डॉक्टरही आला होता, फक्त उपचार झाला नाही. विम्याच्या कोणत्याही योजनेकडे पाहताना ही बाई आमच्या डोळ्यांपुढे असते.

१९२७ पासून बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात होते. त्याच वर्षी महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी खुले केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, कौन्सिलात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारासह विश्रांती देण्याचे बिल आले. बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा बराच भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे. पण सरकार उचलत नसेल तर जो मालक तिच्या श्रमावर नफा कमावतो त्यालाही सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा कामगारांचा मोठा संप हा याच वाटेवरचा पुढचा पल्ला. शेटजी आणि भटजी यांच्याशी एकाच वेळी लढायचे, तर मजुराच्या पोटाचा प्रश्न हाती घ्यावा लागतो, हे त्यांनी करून दाखवले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत त्या पदावर राहिले. चार वर्षे. सरकार परक्यांचे, वर महायुद्ध पेटलेले. तेवढ्यात या माणसाने जे काम केले ते आमच्या नव्या पिढीने मुद्दाम वाचले पाहिजे. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद याच काळात सुरू झाली. कारखान्यातल्या आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच खात्यात तयार झाली आणि १९४६ साली मंजूर झाली.

मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी नेमले. आजारपणाच्या विम्याचा विचार करावा, असे १९३१ साली रॉयल कमिशनने सुचवले होते. त्यानंतरची बारा वर्षे कागदांची नुसती फिरवाफिरव झाली. बाबासाहेबांच्या खात्याने ती थांबवली. ऑगस्ट १९४४ मध्ये आडारकरांचा अहवाल आला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या तीन उद्योगांतल्या बारमाही कारखान्यांपासून सुरुवात करावी, वर्गणी सक्तीची असावी, मालक आणि कामगार दोघांनी भरावी, असा त्याचा सांगाडा होता.

याच काळात, डिसेंबर १९४३ मध्ये, बाबासाहेब धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. मजुरांच्या वस्त्या पाहिल्या, दवाखाने पाहिले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याची युक्ती सोपी होती. खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर काही आण्यांचा सेस लावायचा आणि तो पैसा खाण मजुरांच्या आरोग्यावर व घरांवर खर्च करायचा. मालकाच्या दयेवर काहीही ठेवायचे नाही. पुढे धनबाद आणि आसनसोल येथे मध्यवर्ती रुग्णालये उभी राहिली ती याच निधीतून. आम्ही भक्त नसल्यामुळे हेही सांगतो की, युद्धाच्या गरजेपायी खाणीत खाली स्त्रियांना कामावर न घेण्याची बंदी १९४३ साली उठवली गेली, त्यावर कडक टीका झाली आणि मजूरमंत्री म्हणून उत्तर बाबासाहेबांनाच द्यावे लागले. १९४६ च्या सुरुवातीला ती बंदी पुन्हा लागू झाली. खाणीतल्या बाळंतिणींसाठीचा कायदाही त्यांनी याच वर्षांत सुधारून घेतला.

पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडेच होती. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीवरच्या धरणाची पूर्वतयारी, १९४५ साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग. एका हाती पाणी आणि दुसऱ्या हाती मजुराचे आरोग्य, असा तो कारभार होता. धरणाने पूर थांबावा, वीज यावी, शेती पिकावी आणि तिथे राबणारा माणूस माणसासारखा जगावा, हे त्यांना एकत्रच दिसत होते. नंतरच्या राज्यकर्त्यांनी यातले धरण घेतले आणि माणूस सोडला.

१९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीसाठी स्टेट्स अँड मायनॉरिटीज हे निवेदन तयार केले. त्यात विमा हा फक्त राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे सक्तीचे असावे, अशी तरतूद आहे. बांधवांनो, यात ना पिवळे रेशनकार्ड आहे ना केशरी. प्रत्येक नागरिक! ते निवेदन संविधानात आले नाही. आले ते कलम ४१, ज्यात आजारपण, म्हातारपण आणि बेकारीत सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे. कलम ४२, ज्यात प्रसूती साहाय्य आहे. आणि कलम ४७, ज्यात सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. तिन्ही कलमे मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. त्यांच्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही.

कामगार राज्य विमा कायदा एप्रिल १९४८ मध्ये झाला. तेव्हा मजूर खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. आमचे काही वक्ते हा कायदा बाबासाहेबांनीच मंजूर केला असे सांगतात, ते बरोबर नाही. पाया त्यांच्या काळात घातला गेला, भिंती दुसऱ्यांनी चढवल्या. एवढे खरे सांगितले तरी बाबासाहेबांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिच्यात काय होते ते नीट पाहा. कामगाराला दवाखाना आणि औषध. आजारपणात वर्षातून आठ आठवड्यांपर्यंत साधारण निम्म्या मजुरीइतका भत्ता. बाळंतिणीला भत्ता. कामावर अपघात झाला तर भरपाई. आणि ज्याची मजुरी रोज रुपयाहूनही कमी, त्याची वर्गणी माफ, मालकाने मात्र भरायची. औषध आणि बुडालेली मजुरी या दोन्ही गोष्टी एकाच विम्यात होत्या.

याच सुमारास बाबासाहेब आमच्या भंडाऱ्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांना पाडले गेले होते. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर पोखरलेले, वर विदर्भातला उन्हाळा. मतदारसंघ दोन सदस्यांचा असल्याने प्रत्येकाला दोन मते होती. कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेब निवडून येतील. त्यांनी साफ नकार दिला. ज्याने मताचा अधिकार मिळवून दिला, तो मत वाया घालवायला सांगणार नव्हता. आठ हजारांच्या आसपास मतांनी बाबासाहेब हरले. भंडाऱ्याच्या जुन्या कार्यकर्त्यांना ही सल शेवटपर्यंत होती.

निवडणुकीनंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९५४ मध्ये, नागपुरात कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. एम्प्रेस आणि मॉडेल मिलमध्ये राबणाऱ्या आमच्या बापजाद्यांच्या हाती विम्याचे कार्ड आले. भंडाऱ्यात ज्यांनी बाबासाहेबांना मते दिली ते मात्र या योजनेबाहेर होते. तो धानाच्या बांधीत रोवणी करणारा शेतमजूर होता, तेंदूपत्ता तोडणारा होता, घरात बसून विड्या वळणारी बाई होती. त्यांना हजेरीपट नव्हता, बारमाही कारखाना नव्हता, मालक कोण हेसुद्धा ठरत नव्हते. हीच माणसे १४ ऑक्टोबर १९५६ ला पायी, बैलगाडीने, रेल्वेने नागपूरला गेली आणि बुद्धाला शरण गेली. त्यानंतर आठ आठवडेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले.

मधल्या काळात विडी कामगारांच्या वाट्याला थोडे आले. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर सेस, त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या. कोळशाच्या टनावरची बाबासाहेबांची युक्तीच बत्तीस वर्षांनी विडीच्या कट्ट्यावर आली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू करताना तो सेसच रद्द करण्यात आला. कुणी मोर्चा काढला नाही. आम्हीही काढला नाही.

आता गोसीखुर्दच्या कार्डाकडे वळू. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. ३७२ कोटींचा अंदाज होता, तो पुढे हजारो कोटींवर गेला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यानंतर २०१३ मध्ये सुमारे १२०० कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले. शेत गेलेला शेतकरी मजूर झाला, नदीवर जगणारा ढिवर बांधव जाळे खांद्यावर टाकून काठाकाठाने फिरू लागला. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि शेवटी याच जलाशयाला येऊन मिळते. पाण्याचा वास, डास आणि कातडीचे आजार या तक्रारी काठावरच्या गावांना नव्या नाहीत.

सरकारचा विमा या लोकांपर्यंत पोहोचला, हे आम्ही मान्य करतो. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना योजनेत घेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांसाठी गरिबाला घर विकावे लागू नये, हे चांगलेच आहे. ज्यांची माणसे या कार्डावर वाचली त्यांना जाऊन हे कार्ड फोल आहे असे सांगण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

पण हे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालते, आणि तेही यादीतल्या उपचारांपुरते. काठावरच्या बाईच्या अंगावरची खाज, म्हाताऱ्याच्या साखरेच्या रोजच्या गोळ्या, पोराचा ताप हे त्याबाहेर. पूर्व विदर्भात आमच्या बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल घराघरांत आहे. या आजाराचा रुग्ण वर्षात कितीतरी वेळा दुखण्याने आडवा होतो. प्रत्येक वेळी त्याची मजुरी जाते आणि त्याला सांभाळणाऱ्या आईचीही जाते. त्या मजुरीचा एक रुपयाही हे कार्ड देत नाही. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला मात्र आजही ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते आणि स्वतः विमाधारक असलेल्या बाळंतिणीला २६ आठवड्यांची. १९४८ चा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात आली. रोवणीच्या मजुरापर्यंत ही ७० टक्के मजुरी अजून पोहोचलेली नाही. पाच लाखांचे दहा लाख केले तरी हा मजूर बाहेरच राहील. विमा वाढवायचा तर त्यात बुडालेली मजुरी आली पाहिजे.

शिवाय कार्ड दाखवायला दवाखाना धड हवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा लेकरे गेली. त्या आयांनी पोटची पोरे सरकारच्या दवाखान्यावर विश्वास ठेवूनच तिथे दिली होती. काठेवाडातल्या बाईने दोन रुपये मोजले होते. इथे विम्याचा हप्ता सरकार भरते.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न विचारला जाईल. बाबासाहेबांनी तो कोळशाच्या टनातून आणला होता. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर सेस बसवला, तो आजही वसूल होतो. महाराष्ट्रात उद्योगांना आणि शहरांना दिल्या जाणाऱ्या पाण्याचे दर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. ज्यांची घरे-शेते बुडवून हे पाणी साठले, त्यांच्या आजारपणातल्या मजुरीसाठी त्याच पाण्याच्या बिलावर घनमीटरमागे काही पैशांचा सेस का नको? प्रकल्पग्रस्त, शेतमजूर आणि विडी कामगार यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवता येते, तेंदूपत्त्याची ठेवता येतेच की! कोळशावर १९४४ साली जे परक्या सरकारात बसून करता आले, ते वैनगंगेच्या पाण्यावर करायला नेमकी अडचण कोणती, हे भंडारा-गोंदियाच्या आमदारांनी येत्या नागपूर अधिवेशनात उभे राहून सांगावे.